हत्तीच्या चाऱ्याचा हिशोब

प्रश्न : मी चौतीस वर्षांचा, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे. शाळेत असल्यापासून वहीच्या शेवटच्या पानावर एकच गाडी काढत आलो. आता मुंबईत एका गृहस्थांकडे २०११ ची पोर्शे बॉक्स्टर विकायला आहे. दोनच सीट, उघडमीट होणारा कापडी टप, ऑटोमॅटिक गिअर, नंबरप्लेट पुदुच्चेरीची आणि मीटरवर फक्त १९ हजार किलोमीटर. किंमत सांगतात ती एखाद्या नव्या, सगळ्या सोयींच्या एसयूव्हीइतकी. बाबा पिंपरीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होते. ते म्हणतात, "हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून दारात बांधू नये. चारा स्वस्त होत नाही." ही गाडी इतकी स्वस्त का? आणि घ्यावी का?

उत्तर : तुमच्या बाबांनी या व्यवहारातली सगळ्यात मोठी गोष्ट दोन वाक्यांत सांगून टाकली आहे. जुन्या स्पोर्ट्स कारची किंमत दरवर्षी उतरते, तिचा खर्च मात्र उतरत नाही. पंधरा वर्षांनी गाडी एसयूव्हीच्या भावात आली, तरी तिच्या ब्रेकच्या डिस्क, टायर, शॉक अॅब्सॉर्बर पोर्शेच्याच भावात मिळतात. सुटे भाग परदेशातून येतात, तेव्हा त्यांना गाडीचं वय ठाऊक नसतं.

किंमत कमी असण्याचं पहिलं कारण हेच. ही गाडी परवडेल असे पुष्कळ लोक आहेत, पण सांभाळणं परवडेल असे थोडे. शिवाय दोन सीटच्या गाडीत घरातली चार माणसं मावत नाहीत, म्हणजे ती घरातली दुसरी किंवा तिसरी गाडी असणार. गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव कमी. यात फसवणूक काही नाही.

फसवणूक असलीच तर ती याच्या पुढे असते. मालकाला मोठं काम पुढे दिसत असतं आणि ते अंगावर येण्याआधी तो गाडी सोडू पाहतो. अशी गाडी आणि नीट सांभाळलेली गाडी, बाहेरून दोन्ही सारख्याच चकाकतात. सांभाळलेली घेतलीत तर पंधरा वर्षं निगराणीत राहिलेली गाडी तुमच्या दारात येते, दुसरी घेतलीत तर पंधरा वर्षांची थकबाकी. त्यामुळे घ्यावी का, याचं उत्तर बॉक्स्टर या नावात नाही. ते या एका गाडीच्या फाइलमध्ये आणि तिच्या पोटाखाली आहे. तुम्ही पुढे विचारलेले प्रश्न त्याच क्रमाने घेतो.

प्रश्न : पंधरा वर्षांत फक्त १९ हजार किलोमीटर. म्हणजे गाडी जवळजवळ नवीच नाही का?

उत्तर : हा आकडा ऐकून आनंद होतो, आणि म्हणूनच इथे थांबून विचार करायला हवा. १९ हजार भागिले पंधरा, म्हणजे वर्षाला तेराशे किलोमीटरही नाहीत. ही गाडी चालण्यापेक्षा उभी जास्त राहिली आहे आणि उभं राहणं यंत्राला मानवत नाही. रबर वापराने झिजतं तसं वयानेही कडक होतं. ऑइल सील सुकतात, सस्पेन्शनच्या बुशना चिरा जातात, कूलंटचे पाइप ठिसूळ होतात. टाकीतलं पेट्रोल महिनोन्महिने पडून खराब होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून गाडी एक किलोमीटरही चालली नाही तरी ते दोन वर्षांनी बदलायचं असतं. स्पार्क प्लगनाही किलोमीटरप्रमाणे वर्षांची मर्यादा असते.

म्हणून १९ हजारांचा आकडा बाजूला ठेवून फाइल मागा. दरवर्षी, गाडी चालो न चालो, तेल बदलल्याची पावती आहे का? त्या प्रत्येक पावतीवर त्या दिवशीचे किलोमीटर लिहिलेले असतात. ते ओळीने कागदावर उतरवा. आकडे क्रमाने चढत आले तर मीटर खरा आहे याचा तो चांगला पुरावा. मध्येच आकडा मागे गेला, किंवा चार वर्षांची एकही पावती नाही, तर ती पोकळी कशाची आहे हे मालकाला समोर बसून विचारा. पीयूसीची जुनी प्रमाणपत्रं आणि विमा कंपनीचे पाहणी अहवाल यांवरही कधीकधी किलोमीटर सापडतात.

टायर तर स्वतःच साक्ष देतात. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे उमटवलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी कितीही खोल दिसली, तरी सहासात वर्षांपलीकडचा टायर वेगाच्या गाडीवर ठेवू नये. बॉक्स्टरचे पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे असतात, त्यामुळे पुढचे मागे फिरवून आयुष्य वाढवता येत नाही. चारही जुने निघाले तर चारही नव्यांचे पैसे किमतीतून वजा करून बोलणी करा.

अशाच दोन गाड्या समोर असत्या, एक १९ हजार चाललेली पण फाइल नसलेली आणि दुसरी ५५ हजार चाललेली पण प्रत्येक पावती जपलेली, तर मी दुसरीच्या दारात उभा राहिलो असतो.

प्रश्न : पोर्शेच्या इंजिनातल्या "आयएमएस बेअरिंग"बद्दल फार भीतिदायक ऐकलं. या गाडीला तो धोका आहे का?

उत्तर : २०११ च्या बॉक्स्टरला नाही. पण भीती कुठून आली ते समजून घ्या, कारण जुनी स्पोर्ट्स कार घेताना नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही, साल आणि इंजिनाची पिढी का पाहावी लागते, हे त्यातून कळतं.

बॉक्स्टरचं पहिलं रूप १९९३ च्या डेट्रॉइटच्या प्रदर्शनात दिसलं आणि १९९६ मध्ये गाडी बाजारात आली. बॉक्सर आणि रोडस्टर हे दोन शब्द जोडून तिचं नाव झालं. बॉक्सर इंजिनात सिलिंडर उभे नसतात. ते दोन्ही बाजूंना आडवे झोपलेले असतात आणि समोरासमोरचे पिस्टन मुठी आपटाव्यात तसे एकदम आत येतात, एकदम बाहेर जातात. वजन जमिनीलगत राहतं, म्हणून वळणावर गाडी रस्त्याला चिकटून जाते.

त्या पहिल्या पिढीच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत नेणारा एक मधला दांडा होता. तोच इंटरमीडिएट शाफ्ट, आयएमएस. त्याच्या एका टोकाला बंदिस्त बॉल बेअरिंग होतं. आतलं ग्रीस निघून गेलं की ते झिजायचं, आणि तुटलं की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ एका क्षणात सुटायचा. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटायचे आणि बहुतेक वेळा पूर्ण इंजिनच जायचं. त्याच काळातल्या पोर्शेच्या ९९६ पिढीच्या ९११ मध्येही हीच रचना होती. अमेरिकेत यावर मालकांनी सामूहिक खटला भरला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली.

सुमारे २००६ पासून बेअरिंग मोठं झालं आणि बिघाड दुर्मिळ झाले. २००९ च्या मॉडेलपासून इंजिनाची घडणच बदलली आणि तो मधला दांडाच राहिला नाही. तुमची २०११ ची गाडी या नव्या घडणीची. साध्या बॉक्स्टरला २.९ लिटरचं २५५ अश्वशक्तीचं इंजिन, बॉक्स्टर एसला ३.४ लिटरचं ३१० अश्वशक्तीचं. पाहत असलेली गाडी यांपैकी कोणती ते आरसीवरच्या सीसीच्या आकड्यावरून पडताळा.

उद्या कोणी तुम्हाला २००३ ची बॉक्स्टर याहून बऱ्याच कमी किमतीत दाखवली, तर पहिला प्रश्न विचारा : बेअरिंग बदललं आहे का, आणि त्याची पावती कुठे आहे?

प्रश्न : गाडी पाहायला जाईन तेव्हा नक्की काय काय पाहू?

उत्तर : सकाळी जा आणि आदल्या दिवशी मालकाला सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर आधी एक्झॉस्टच्या नळीला हात लावा. ती गार हवी. मी तरुणपणी माझी पहिली दोन सीटची गाडी संध्याकाळी पाहिली होती. इंजिन आधीच तापवून ठेवलेलं होतं, आवाज रेशमासारखा येत होता आणि मी भारावून इसार देऊन आलो. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी निळा धूर निघाला. पुढचे सात महिने त्या धुराचे पैसे मी भरले. गार इंजिन खोटं बोलत नाही, हे मला तेव्हा कळलं.

बॉक्स्टरच्या बाबतीत एक बारकावा आहे. सिलिंडर आडवे असल्याने गाडी काही दिवस उभी राहिली की थोडं तेल आत झिरपतं, आणि सुरू करताना धुराचा एक झोत येऊ शकतो. तेवढ्यावर घाबरू नका. धूर मिनिटभरानंतरही येत राहिला, किंवा गाडी तापल्यावर गिअर सोडून एक्सलरेटर दाबताना पुन्हा आला, तर ते दुखणं आहे.

मग बॉनेट उघडा. आत इंजिन दिसणार नाही, सामानाची जागा दिसेल. मागचं झाकण उघडा, तिथेही सामानाची जागा आणि तेल व कूलंट भरायची तोंडं. इंजिन या दोन्हींच्या मध्ये, सीटच्या पाठीशी लपलेलं आहे. त्याचा बेल्ट पाहायचा तर सीटमागचं आवरण काढावं लागतं, आणि स्पार्क प्लग बदलायचे तर गाडी वर उचलून खालून हात घालावा लागतो. चारा महाग का, हे इथे डोळ्यांना दिसतं. म्हणूनच ही गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय घ्यायची नाही. मालक लिफ्टला नाही म्हणाला, तर नमस्कार करून परत या.

लिफ्टवर हे पाहा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर तेलाचे ओघळ. स्पीडब्रेकरवर घासून फाटलेली खालची आवरणं. ब्रेक डिस्कच्या कडेला झिजून उभी राहिलेली धार. पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्यांतून टॉर्च मारा. रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर तिथेच आहेत. जाळीतून आत गेलेला पाला तिथे कुजतो, ओला राहतो आणि धातू खाऊन टाकतो. काढायला अर्धा तास लागणारी ही घाण वर्षानुवर्षं राहिली, तर एसी आणि कूलिंगचं मोठं काम निघतं.

आता मुंबईचा पाऊस. कापडी टपाच्या मागच्या कोपऱ्यांत पाणी वाहून जायला बारीक छिद्रं असतात. ती पाल्याने बुजली की पाणी आत उतरतं आणि सीटखाली साचतं. या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये नेमकं सीटखालीच इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट बसवलेलं असतं. म्हणून सीट पुढे सरकवून गालिच्यावर तळहात दाबा. ओल किंवा कुबट वास असेल, सीटच्या रुळांवर गंज असेल, तर पाऊल मागे घ्या. दोन्ही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. पुरात बुडालेली गाडी आतून कितीही धुतली, तरी बेल्टच्या शेवटच्या हातभर पट्टीवर मातीची रेघ बहुधा राहते. टप तीन वेळा उघडून मिटवायला सांगा.

बाहेरून रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र प्रत्येक पत्र्यावर टेकवा. एका दारावर आकडा दुप्पट आला तर तिथे डेंटिंग-पेंटिंग झालं आहे. दार रंगवलेलं असणं एवढं मोठं नाही. पुढचे चॅसिसचे भाग सरळ केलेले असतील, तर मात्र गाडी सोडून द्या. शेवटी या कंपनीच्या गाड्यांवर काम करणाऱ्या जाणकाराकडून स्कॅनर लावून घ्या. इंजिनाने लाल रेषेपलीकडे किती वेळ काढला याची नोंद पोर्शेच्या कंट्रोल युनिटमध्ये राहते, आणि सांगितलेल्या किलोमीटरशी इंजिन चाललेले तास जुळतात का, हेही तिथे कळतं. या तपासणीचे पैसे तुम्ही स्वतः भरा, म्हणजे तपासणारा तुमचा माणूस राहील.

प्रश्न : नंबरप्लेट पुदुच्चेरीची असण्याने काही बिघडतं का? मालक म्हणतात, "अशीच चालवा, कोणी विचारत नाही."

उत्तर : बिघडतं, आणि हा सल्ला अजिबात ऐकू नका. महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीवर रोड टॅक्स २० टक्के लागतो. कर कमी असलेल्या राज्यांत गाडी नोंदवून मुंबई-पुण्यात चालवायची वाट त्यामुळेच पडली. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. तो न घेतलेल्या गाडीचा कर तुमच्या नावावर निघेल, त्यांच्या नाही. पुदुच्चेरीच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आधी हातात आली पाहिजे. मग इथे वयानुसार कमी होत जाणारा कर भरून एमएच क्रमांक. हा कर किती बसेल ते पुण्याच्या आरटीओत आधी विचारून घ्या आणि त्या रकमेनंतरच किमतीची बोलणी करा.

दुसरी गोष्ट तुमच्या पत्रातच दडली आहे. २०११ ची गाडी म्हणजे नोंदणीची पंधरा वर्षं भरत आली. नूतनीकरणासाठी फिटनेस तपासणी होते, मुदत पाच वर्षांची मिळते, पर्यावरण कर वेगळा. साध्या खासगी कारला नूतनीकरणाची फी ५ हजार रुपये आहे, आयात केलेल्या चारचाकीला ४० हजार. हा खर्चही विक्रेत्याच्या आकड्यात धरलेला नसतो.

बाकीचे कागद असे. आरसीवरचा चॅसिस नंबर आणि गाडीच्या पत्र्यावर कोरलेला नंबर स्वतः अंकाअंकाने जुळवा. आयातीचे कस्टमचे कागद पाहा, विशेषतः गाडी अधिकृत शोरूममधून न येता कोणी खासगीत आणलेली असेल तर. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५. मालकीबदलासाठी फॉर्म २९ आणि ३०. थकलेले चलान ऑनलाइन दिसतात, ते विक्रेत्याने भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. विम्याचं पत्र चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तुमच्याकडे येत नाही, म्हणून प्रीमियम वाढलेला दिसेल. एक्झॉस्ट किंवा इंजिनाच्या प्रोग्रॅममध्ये बदल केलेले असतील, तर मूळ भाग सोबत मिळणार असतील तरच गाडीचा विचार करा, कारण फिटनेसला ती मूळ रूपात न्यावी लागेल.

प्रश्न : मग पैसे किती लागतील? आणि बाबांना काय सांगू?

उत्तर : माझा स्वतःचा ठोकताळा सांगतो. हाताशी असलेल्या रकमेचे चार भाग करा. तीन भागांत गाडी, कर आणि कागद. चौथा भाग पहिल्या वर्षासाठी बाजूला. त्यातून आल्याआल्या सगळी तेलं आणि फिल्टर, ब्रेक ऑइल, बॅटरी आणि गरज असेल तर टायर. तीन भागांत गाडी बसत नसेल, तर ती गाडी अजून तुमची नाही. कर्ज काढून हा चौथा भाग उभा करू नका. मोठं काम निघालं की हप्ता आणि गॅरेज एकाच महिन्यात दारात येतात.

पेट्रोलचाही विचार करा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि २०११ ची गाडी त्या प्रमाणासाठी बनवलेली नाही. माहितीपुस्तकातली मर्यादा वाचा, जाणकाराला विचारा, आणि गाडी भरलेल्या टाकीसह महिनोन्महिने उभी ठेवू नका. गाडी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण तापेल इतकी चालवा. तिची सगळ्यात स्वस्त देखभाल हीच आहे.

आणि वेगाबद्दल. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारला ताशी १००ची मर्यादा आहे आणि ती या गाडीलाही आहे. शर्यत किंवा वेगाची चाचणी करताना झालेलं नुकसान साधा मोटार विमा भरून देत नाही. खरं सांगायचं तर बॉक्स्टरचा आनंद शंभरच्या पुढे नाहीच. पहाटे ताम्हिणीच्या घाटात, टप उघडून, तिसऱ्या गिअरमध्ये चाळीस-पन्नासच्या वेगाने एक वळण नीट घेतलं की कळतं, माणसांनी ही गाडी कशासाठी बनवली.

बाबांना काही सांगायला जाऊ नका. त्यांना सोबत न्या. पस्तीस वर्षं यंत्रात हात घातलेला माणूस तुमच्या घरात आहे, आणि ज्या फिटरने सुटा पार्ट हातात घेऊन जन्म काढला, त्याला लिफ्टवरच्या गाडीखाली टॉर्च धरून उभं राहायला आवडेल. तुमचं मन गाडीवर बसलेलं आहे, तुम्हाला तेलाचा ओघळ दिसणार नाही. त्यांना दिसेल. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि मान हलवली, तर तिथून निघा, अशी बॉक्स्टर पुन्हा विकायला येईल. आणि पाहून झाल्यावर त्यांनी हात पुसत नुसतं विचारलं, "याचं तेल कुठलं घालायचं म्हणालास?", तर चौथा भाग बाजूला ठेवला आहे ना याची खात्री करा आणि इसार द्या.